घरगुती संगणकांचा एक जुना वाद

कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकांवर बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले तेव्हा आम्हांलाही थोडे नवल वाटले. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, संपांचा इतिहास हे विषय आमच्या वाट्याला नेहमी येतात. परंतु या विषयाची आणि आमची गाठ पडली ती चळवळीच्याच निमित्ताने. काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी आम्हांस स्कॉटलंडमधील डंडी या गावी जाण्याचा योग आला. ज्या घरी उतरलो तेथील यजमान विजेची कामे करणारे, आणि त्यांचे शेजारी शाळामास्तर. दोघेही पन्नाशीच्या आसपासचे. जेवण झाल्यावर त्या दोघांची जी जुंपली ती मध्यरात्र उलटेपर्यंत. आम्हांस वाटले, निवडणुकीचे काही असावे. पण वाद होता तो १९८० नंतरच्या दशकात घरोघरी आलेल्या संगणकांपैकी श्रेष्ठ कोणता याचा! यजमान स्पेक्ट्रमच्या बाजूचे, मास्तर बी.बी.सी. मायक्रोच्या बाजूचे. दोन्ही यंत्रे बाजारातून जाऊन तीस वर्षे होत आली होती.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, हा वाद त्या दोन घरांपुरता नाही. ब्रिटनमध्ये तो चाळीस वर्षे चालू आहे, आणि अमेरिकेत त्याचे निराळे रूप आहे. त्यासाठी जुनी मासिके जपून ठेवलेली आहेत, केंब्रिजमध्ये संगणकांचे संग्रहालय आहे, आणि त्या यंत्रांच्या नव्या प्रतिकृतीही दुकानात मिळतात. इतकी माणसे एका गोष्टीवर इतकी वर्षे भांडतात, तेव्हा भांडणाच्या मुळाशी यंत्राखेरीज आणखी काही असले पाहिजे, असे आम्हांस वाटू लागले.

आधी ही यंत्रे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुणास त्यांची कल्पना येणे कठीण. टंकलेखन यंत्राच्या वरच्या भागासारखी एक पेटी, तिच्यावर अक्षरांची बटणे. तिला स्वतःचा पडदा नाही. घरातला टीव्ही हाच पडदा. प्रोग्रॅम साठवायला गाण्याची साधी कॅसेट आणि साधा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की किर्र असा कर्कश आवाज करीत चार-पाच मिनिटांनी प्रोग्रॅम आत उतरावयाचा. मध्येच कोणी धक्का दिला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि स्मृती किती? क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने मार्च १९८१ मध्ये झेडएक्स ८१ नावाचा जो संगणक जवळजवळ ७० पौंडांस विकला, त्याची स्मृती १ किलोबाइट होती; म्हणजे इंग्रजी हजार-एक अक्षरे, या पुस्तकाचे अर्धे पानसुद्धा नव्हे. तरीही तो पंधरा लाखांच्या वर खपला.

त्यानंतर एप्रिल १९८२ मध्ये आला तो स्पेक्ट्रम. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांस, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांस. रबराची बटणे, काळी छोटी पेटी, कोपऱ्यावर रंगीत तिरपा पट्टा. (येथे एक गंमत म्हणून सांगतो: देवनागरीचे एक अक्षर साठविण्यास आजच्या पद्धतीने तीन बाइट लागतात. आमचा हा लेख मोठ्या स्पेक्ट्रमात जेमतेम मावेल, आणि वर चार ओळी लिहिण्यापुरतीच जागा उरेल.)

स्पेक्ट्रमचे रंग हा विरोधकांचा आवडता हल्ल्याचा विषय. त्याच्या पडद्याचे ३२ आडवे आणि २४ उभे असे ७६८ चौकोन पाडलेले होते, आणि एका चौकोनात एका वेळी दोनच रंग बसत. लाल माणूस हिरव्या झाडासमोरून चालत गेला की झाड तरी लाल व्हावयाचे किंवा माणूस तरी हिरवा! मास्तर हे सांगून पोट धरून हसले. पण ही चूक नव्हती, काटकसर होती. प्रत्येक ठिपक्याचा रंग निराळा नोंदविला असता तर पडद्यापायीच स्मृतीचा मोठा भाग खर्च झाला असता. या युक्तीने चित्र आणि रंग मिळून सात हजारांहून कमी बाइटांत सगळा पडदा मावत असे. संसार थोड्या पैशांत चालवायचा म्हणजे एका साडीत दोन समारंभ काढावे लागतात, तसाच हा प्रकार.

उलट बी.बी.सी. मायक्रो पाहा. ब्रिटिश नभोवाणी मंडळाने जनतेस संगणक शिकविण्याची मोहीम हाती घेतली, आणि तिच्यासाठी केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीचे यंत्र निवडले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांचा त्याच्या रचनेत मोठा वाटा होता. डिसेंबर १९८१ मध्ये ते आले, आणि जानेवारी १९८२ मध्ये टीव्हीवर पाठांची मालिका सुरू झाली. यंत्र दणकट, बटणे खरीखुरी, मागच्या व खालच्या बाजूंस छपाईयंत्र, चकती, प्रयोगशाळेतील उपकरणे अशा नाना वस्तू जोडण्याची सोय. त्याची बेसिक भाषाही नीटस होती. प्रोग्रॅमचे तुकडे पाडून त्यांना नावे देण्याची सवय ती पहिल्या दिवसापासून लावी. शाळांना अर्धी किंमत सरकार देत असे, म्हणून शाळाशाळांतून तेच यंत्र पोहोचले. त्याचे वैगुण्य म्हणजे ३२ किलोबाइट स्मृतीपैकी २० किलोबाइट चांगल्या चित्रांचा पडदाच गिळून टाकी. हे आमच्या यजमानांनी सांगितले, आणि मास्तर थोडा वेळ गप्प बसले.

तिसरा पक्ष अमेरिकन कमोडोर ६४ चा. पोलंडमध्ये जन्मलेले आणि ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले जॅक ट्रॅमिएल हे त्या कंपनीचे धनी. संगणक मूठभरांसाठी नसून बहुजनांसाठी असावा, असे ते म्हणत. १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आलेले हे यंत्र वर्षभरात २०० डॉलरच्या आसपास उतरले, आणि त्या किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बड्या कंपनीला १९८३ मध्ये या धंद्यातून माघार घ्यावी लागली. कमोडोर ६४ ची एकूण विक्री सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत धरतात. गाण्याच्या बाबतीत त्याच्याशी कोणाची बरोबरी नव्हती. त्यातील आवाजाच्या चिपमधून तीन स्वर एकदम निघत. पण सुरू करताच ‘३८,९११ बाइट मोकळे’ अशी ऐट मिरविणाऱ्या त्या यंत्राच्या बेसिक भाषेत चित्र काढण्याची वा सूर लावण्याची एकही आज्ञा नव्हती! कोणत्या घरात कोणता आकडा टाकावा हे पाठ करूनच ते काम करून घ्यावे लागे. ज्याला खेळायचे त्याला हे यंत्र उत्तम. ज्याला शिकायचे त्याची वाट मात्र खडतर.

आणखीही पुष्कळ होती: वेल्समध्ये तयार होणारे ड्रॅगन, ओरिक, जपान्यांची एमएसएक्स, १९८४ चा ॲमस्ट्रॅड. प्रत्येकाचे भक्त आहेत. त्या सर्वांत शिरलो तर सभा उठून जाईल.

आता आमचे मत. आम्ही संघटनेत इतकी वर्षे काढली. वस्तूची किंमत रुपयांत मोजण्यापेक्षा मजुरीच्या दिवसांत मोजण्याची आम्हांस सवय. १९८२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये हातांनी काम करणाऱ्या पुरुष कामगारास आठवड्यास सव्वाशे ते दीडशे पौंड पडत. बायकांना त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे मोठा स्पेक्ट्रम हा एका आठवड्याच्या पगारापेक्षा थोडा महाग. बी.बी.सी. मायक्रोची मोठी आवृत्ती लवकरच ३९९ पौंडांवर गेली. ती तीन आठवड्यांच्या पगाराची. पडदा, स्मृती, गती यांचे तक्ते मांडणारे लोक हा एक आकडा तक्त्यात घालीत नाहीत, आणि आमच्या मते सगळा वाद तेथेच आहे. मास्तरांच्या वडिलांना तीन आठवडे परवडले. आमच्या यजमानांच्या वडिलांना एक परवडला, तोही नाताळच्या आधी पैसे साठवून. आपण ज्यावर वाढलो ते हीन होते असे माणूस कबूल करीत नाही. दोघे यंत्राविषयी बोलत होते, पण ऐकणाऱ्यास दोन घरे दिसत होती.

याच हिशेबाने आम्ही आमचे मत स्पेक्ट्रमच्या पारड्यात टाकतो. बी.बी.सी. हे अधिक चांगले यंत्र होते यात शंका नाही. त्याच मंडळींनी १९८५ मध्ये जी चिप घडविली तिचे वंशज आज तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. आणि स्पेक्ट्रमच्या मालकांविषयी आम्हांस मुळीच प्रेम नाही. अठ्ठावीस दिवसांत माल पोहोचवू म्हणून आगाऊ पैसे घ्यावेत आणि गिऱ्हाईकाला महिनोन्‌महिने वाट पाहावयास लावावे, हा कारभार चांगला नव्हे. त्यांच्या यंत्रांच्या टिकाऊपणावर एकॉर्नने जाहिरातीत बोट ठेवले तेव्हा १९८४ च्या नाताळच्या सुमारास केंब्रिजच्या एका मद्यगृहात सिंक्लेअर साहेबांनी एकॉर्नच्या ख्रिस करी यांना गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने बडविले, ही हकीगत तेथे सर्वतोमुखी आहे. धन्यांनाही या वादाची बाधा झाली होती म्हणावयाची.

परंतु स्पेक्ट्रमसोबत एक पुस्तक येत असे. स्टीव्हन व्हिकर्स यांचे. ते आम्ही पुढे मिळवून वाचले. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. बाकीचे सारे सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या रात्री. औद्योगिक कलह कायदा आम्ही कोणा वकिलाकडे शिकलो नाही, पुस्तकातून कलमे लिहून काढीत शिकलो. त्यामुळे एखादे पुस्तक एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिले आहे की वर्गासाठी, हे आम्हांस चार पानांत कळते. व्हिकर्स यांचे पुस्तक एकट्यासाठी आहे. काही येत नाही असे गृहीत धरून ते सुरू होते आणि वाचणाऱ्यास मूर्ख न समजता पुढे जाते. यंत्र चालू केले की पडद्याच्या तळाशी ‘के’ हे अक्षर लुकलुकत राही. म्हणजे आज्ञा करा, मी तयार आहे. बटणांवर अक्षरांबरोबर पूर्ण आज्ञाही छापलेल्या. एक बटण दाबले की अख्खा शब्द उमटे. मासिकांत प्रोग्रॅम छापून येत. मुले ते ओळीने उतरवून काढीत, एक स्वल्पविराम चुकला की काही चालत नसे, आणि ती चूक शोधता शोधता संगणक कसा विचार करतो ते त्यांना कळून येई. आजचा मोबाइल त्याहून लाखो पटींनी समर्थ, पण चालू केल्यावर तो आज्ञेची वाट पाहात नाही; काय घेता, एवढेच विचारतो.

या गोष्टीची टोचणी ब्रिटिशांनाही लागली. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅम लिहिण्याचा पूर्वीसारखा सराव राहिला नाही, हे पाहून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रास्पबेरी पाय हा स्वस्त छोटा संगणक २०१२ मध्ये काढला. त्याच्या आवृत्त्यांना बी.बी.सी. मायक्रोसारखीच ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे दिली.

येथवर आम्ही बोललो ते विकत घेणाऱ्यांविषयी. आता करणाऱ्यांविषयी. डंडीत टाइमेक्स या अमेरिकन कंपनीचा घड्याळांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झाला होता. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे सात हजार माणसे होती, आणि जोडणीच्या कामावर मुख्यतः बायका. सिंक्लेअर यांचे झेडएक्स ८१ आणि स्पेक्ट्रम तेथेच जोडले जात. यंत्राचा शोध केंब्रिजचा, पण हात डंडीचे. १९८३ मध्ये घड्याळांचे काम बंद करून सुमारे १,९०० जणांना घरी पाठविण्याचे ठरले, तेव्हा कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन आत ठिय्या दिला. संगणकांची भरभराट चालू असतानाच, त्याच कंपनीत, हे घडले. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअर यांनी आपला संगणकांचा धंदा पन्नास लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकला, आणि उत्पादन डंडीतून उठून पूर्वेकडील देशांत गेले.

शेवटचा अंक १९९३ चा. कामकपातीच्या विरोधात २९ जानेवारीस संप सुरू झाला. १७ फेब्रुवारीस कामगार कामावर परतले तेव्हा त्यांना फाटकाबाहेरच ठेवण्यात आले. ३४३ जणांच्या नोकऱ्या गेल्या. मालकांनी बाहेरून नवी माणसे बसमधून आत नेण्यास सुरुवात केली. फाटकावर उभ्या राहिलेल्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. ऑगस्टच्या अखेरीस कारखाना कायमचा बंद झाला. श्रेष्ठ संगणक कोणता या वादावर रकानेच्या रकाने भरले जातात, त्यांत चिपची नावे असतात, शोधकांची असतात, खेळ लिहिणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरांचीही असतात. या बायकांची नसतात.

अर्थात डंडीला काही मिळालेच नाही असेही नाही. टाइमेक्समध्ये उमेदवारी केलेल्या डेव्हिड जोन्स या तरुणाने नोकरी सुटताना मिळालेल्या पैशांतून कमोडोरचा अमिगा संगणक घेतला आणि पुढे खेळ तयार करणारी कंपनी काढली. तिचा ‘लेमिंग्ज’ हा खेळ १९९१ मध्ये जगभर गाजला. गावातल्या ॲबर्टे विद्यापीठात संगणकीय खेळांचा पदवी अभ्यासक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. स्पेक्ट्रम कारखान्याच्या फाटकातून पिशवीत घालून बाहेर पडत आणि म्हणून गावातली पोरे एवढी तयार झाली, असे तेथे हसत हसत सांगतात. खरे-खोटे त्यांनाच ठाऊक; संघटनेच्या माणसाने याहून अधिक विचारू नये.

मात्र पोरे म्हणजे मुलगे. आयांनी जोडलेले यंत्र घरी आले ते मुलाच्या खोलीत गेले. जाहिरातींत मुलगा पडद्यासमोर आणि बाप त्याच्या खांद्यावर हात ठेवून. मुलगी असलीच तर मागे उभी. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या. पुढे पंचवीस-तीस वर्षांत ते प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली घसरले. घरगुती संगणक मुलांचे खेळणे म्हणून विकला गेला आणि मुलगे कॉलेजात येण्याआधीच पुढे निघून गेले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आम्हांस ते पटते. वादात भाग घेणारे बहुतेक सारे पुरुषच का, याचेही उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे काय होते? १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता. आमचे वय अकरा-बारा, घरात पगार येणे बंद. संगणक हा शब्द कानावर आला तो नोकऱ्या खाणारे यंत्र म्हणून. आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकातच त्याला कडाडून विरोध केला होता, आणि बँकांत यंत्रे किती व कशी आणावीत यावर १९८३ मध्ये करार झाला. तो विरोध आम्ही आजही चूक म्हणणार नाही. यंत्र कोणाच्या हिशेबाने येते हे विचारणे चूक नव्हे. पण एक कबूल केले पाहिजे. ब्रिटनचा कामगार त्याच सुमारास तेच यंत्र आपल्या पोराच्या हाती देत होता, आणि ते आम्हांस दिसत नव्हते. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांत संगणक दिले. ते हेच बी.बी.सी. मायक्रो. पुढे डेसिबेल्स कंपनीचा परवान्याने बनविलेला स्पेक्ट्रमही आला. आमच्या चाळीत त्यातले काही पोहोचले नाही.

त्या रात्रीचे राहिले. यजमानांची थोरली बहीण कोपऱ्यात विणकाम करीत बसली होती. वादाच्या भरात यजमानांनी माळ्यावरून आपला स्पेक्ट्रम काढून आणला. तो चालू झाला, पण बटणे दाबली तर अक्षर उमटेना. बटणांखालचा पातळ पापुद्रा वाळून चिरला होता. नवा पापुद्रा आजही मिळतो. त्यांनी आणूनही ठेवला होता, पण बसविण्याचा धीर झाला नव्हता. बाईंनी विणकाम खाली ठेवले, स्क्रूड्रायव्हर मागितला, तळाचे स्क्रू काढले, वरचा डकवलेला पत्रा नखाने अलगद सोडविला आणि नव्या पापुद्र्याच्या दोन्ही पट्ट्या जागच्या जागी सरकविल्या. हे करताना त्या फारशा बघतही नव्हत्या. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या की, मी कामाला होते तेथेच. ‘के’ लुकलुकू लागला, अक्षरे उमटू लागली. त्यांनी पुन्हा विणकाम घेतले. मास्तर तेवढ्यात म्हणत होते की, बी.बी.सी.च्या बटणांना असले काही करावे लागत नाही.